ओकी आणि घाटी

घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच. ठाण्याच्या दादानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, लिहिलं : 'मुंबईत राहायचं तर मराठी आलंच पाहिजे, नाहीतर गाडी पकडा.' पुण्याच्या भाचीनं त्याला मागासलेला ठरवलं. मी मध्ये पडलो, तर दोघांचं लगेच एकमत झालं : तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नकोस.

मी शिकवत नव्हतो. (शिकवत होतो.) एवढंच म्हटलं, की कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डमध्ये २२ वर्षांत मला कुणी 'परत जा' म्हटलेलं नाही. मुंबईत मराठी हवी, यात दादाचं काही चुकत नाही, मलाही हवी. डोक्यात जाते ती 'गाडी पकडा'.

आणि ती डोक्यात जायला लागली, खोटं कशाला बोलू, मर्ल हॅगर्ड या इथल्या कंट्री गायकामुळे.

पहिली पंधरा वर्षं मला तो सोसवत नसे. साइटवर जाताना म्हाताऱ्या मेकॅनिकच्या ट्रकमध्ये दुसरं काही वाजायचंच नाही. कुमार गंधर्व ऐकून तयार झालेला कान आमचा! तुरुंग, दारू, आई, आगगाडी, झालं यांचं संगीत, असं मी मनात म्हणायचो. मग पन्नाशी उलटल्यावर एका हिवाळ्यात टूली फॉगमुळे, म्हणजे इथल्या दाट धुक्यामुळे, हायवे ९९ वर गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या, आणि रेडिओवर मर्लचं मजुरांच्या छावणीतल्या आईचं गाणं लागलं. हा माणूस आवाज चढवतच नाही. शब्द किंचित मागे ठेवतो आणि ओळ संपताना अलगद खाली उतरतो. त्यानं रडवायचा प्रयत्न केला असता तर मी स्टेशन बदललं असतं.

मग वाचत सुटलो. मर्ल नदीपलीकडच्या ऑइलडेलचा, जन्म १९३७. आईबाप ओक्लाहोमातल्या चेकोटाहून आलेले, कोठार जळाल्यावर. बाप सांता फे रेल्वेत कामाला. मालगाडीचा जुना डबा घेऊन त्यानं त्याचंच घर केलं. ओक्लाहोमाकडून आलेली अशी माणसं म्हणजे 'ओकी', आणि ओकी ही तेव्हा इथली शिवी. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखानं राज्याच्या सीमेवर शंभराहून जास्त पोलीस उभे केले, कफल्लकांना परत पाठवायला. बेकार मेव्हण्याला टेक्ससहून गाडीत घालून आणलं म्हणून एकाला शिक्षा झाली. कफल्लकाला राज्यात आणणं गुन्हा ठरवणारा तो कायदा सुप्रीम कोर्टानं १९४१ मध्ये रद्द केला. हे ओकी बहुतेक सगळे गोरे, इंग्रजी बोलणारे, याच देशाचे! म्हणजे भाषा येऊनही भागलं नव्हतं. मला कुणी परत जा म्हणत नाही, कारण मी डिग्री घेऊन विमानातून उतरलो. हे ग्रुपवर लिहायचं राहून गेलं.

सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातून १९६० मध्ये सुटलेल्या या पोरानं १९६९ मध्ये 'ओकी फ्रॉम मस्कोगी' गायलं आणि शिवीच मिरवली. गाण्यातलं राजकारण मला पटत नाही. पण गंमत बघा, मस्कोगी चेकोटाच्या शेजारचं. मर्लचा जन्म मात्र कॅलिफोर्नियातला. माझी मुलगीही इथलीच. मंडळाच्या गणपतीत लेझीम हातात घेऊन 'मी सातारची' म्हणते. सातारा तिनं दोनदा पाहिलाय.

मर्ल २०१६ मध्ये गेला, ७९व्या वाढदिवशीच. डब्याचं ते घर आता कर्न काउंटी म्युझियममध्ये आहे. आई आली होती तेव्हा तिला दाखवायला नेलं. तिनं आत डोकावून पाहिलं.

"बरं ऐसपैस आहे की. आपली लालबागची खोली दहा बाय बारा, नि माणसं आठ."

आजोबा पाटणहून गिरणीत आले तेव्हा त्यांना 'घाटी' म्हणायचे. आई ते हसत सांगते. आजोबा कधी हसले नाहीत म्हणे.

"यांनी डबा जपला," आई म्हणाली, "आपली चाळ कुठाय?"

चाळीच्या जागी टॉवर आहे. आमच्या वाट्याला आलेला फ्लॅट भाड्यानं दिलाय, गोरखपूरच्या कुटुंबाला. त्यांना मराठी येत नाही. भाडं एक तारखेला दादाच्या खात्यात जमा होतं, निम्मं तो मला पाठवतो. याबद्दल ग्रुपवर तोही काही लिहीत नाही, मीही नाही.