परीक्षा सायकलची, तयारी गाडीवाल्याची

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली आणि आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. एक गट म्हणतो, शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत होतात, मग रोज सायकलवर कामाला जाणाऱ्यासाठी का नाही? दुसरा म्हणतो, सायकल ट्रॅक बांधून दिले तरी त्यावर पार्किंगच होतं. आधी शिस्त लावा. मग कोणीतरी मला ओढतं: ‘तू नेदरलँड्सला असतेस ना, तूच सांग.’

सांगते. पहिल्या गटाचं बरोबर आहे. इथले लोकही काही जन्मजात शहाणे नव्हते. 1971 मध्ये या एवढ्याशा देशात रस्त्यांवर 3,000हून जास्त माणसं गेली, त्यांत 400च्या वर मुलं होती. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले, 1973ची तेलटंचाई आली, तेव्हा कुठे रस्ते बदलू लागले.

पण ग्रुपवर शाळेचा विषय कोणीच काढत नाही. इथे दहा-बारा वर्षांची मुलं वाहतुकीची परीक्षा देतात. लेखी, आणि पुष्कळ शाळांत प्रत्यक्ष रस्त्यावरही. मुलीच्या वर्गाच्या वेळी मी एका कोपऱ्यावर कागद-पेन घेऊन उभी होते. ब्रेक, घंटी, दिवे, रिफ्लेक्टर आधीच तपासलेले. माझ्या वाट्याला डावं वळण आलं होतं. इथे वाहतूक उजव्या बाजूनं चालते, त्यामुळे अवघड वळण हेच. मुलगा खांद्यावरून मागे बघतो का, मग हात दाखवतो का, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देतो का, एवढं टिपायचं. हात सगळे झोकात दाखवत होते. मागे बघायचं मात्र निम्मे विसरत होते.

सायकलची निगा मात्र इथल्यांकडून शिकू नये! गंजकी चेन करकरत वर्षानुवर्षं चालते, पंक्चर झालं की थेट दुकान. त्यात आपले ब्रेव्हेवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलनं गाठणारे, पुढे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे आणि कंट्रोल, म्हणजे नोंदीचे ठरलेले थांबे, सोडून वाटेत कुठेही बाहेरची मदत घ्यायची नाही. म्हणून पंक्चर झालं की ते चाक काढतात, टायरच्या आतून जपून बोट फिरवून काटा शोधतात, मगच नवी ट्यूब घालतात. काटा राहिला तर तीही गेलीच. रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. इतकं सगळं आपल्याकडे माणसांना येतं, पण ते महागड्या सायकलींच्या वर्तुळातच फिरतं. सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरापर्यंत पोचत नाही.

‘पोरांना शिकवून काय उपयोग, उडवणारा तर गाडीवाला!’ हा आक्षेप रास्त आहे. इथे त्यासाठी कायदा आहे: 14 वर्षांखालच्या सायकलस्वाराला मोटार धडकली तर भरपाई जवळजवळ नेहमीच मोटारवाल्याच्या माथी. पण तो मोटारवालाही बहुधा ही परीक्षा देऊन आलेला असतो. आपल्याकडे आज पाचवीत असलेली पोरं काही वर्षांत स्कूटरवर बसतील, आणि तोवर त्यांना मागे बघायला कोणीही शिकवलेलं नसेल.

शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून चौक आखता येतो. ब्रेव्हेवाल्यांनी एखादा शनिवार दिला तर पंक्चर काढणंही तिथेच शिकवता येईल. आणि ट्रॅकची मागणी यासाठी एक दिवसही थांबवायचं कारण नाही.