बाबांच्या वहीचं व्याकरण

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातूनच सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणजे लाईन असली की करतो. एका संध्याकाळी लाईन नव्हती आणि बाबांची मजुरीची वही हाती लागली. आत लिहिलेलं: 'मंगळवार. निंदण. 8 बाया अन् 2 गडी, 300 नं.' पानोपानी असंच. मला वाटलं, ही तर भाषाच आहे! डेटाबेसला माहिती विचारायला एसक्यूएल नावाची भाषा आहे, तर निंदणासाठी का नको? बाबा लिहितात तसंच लिहितील, बाजाराच्या दिवशी कोणाला किती द्यायचे ते संगणक सांगेल. दोन दिवसांचं काम. (हे मी ज्या ज्या कामाबद्दल म्हटलंय, त्याला दोन महिने लागलेत.)

सुरुवातच वाईट झाली. लेक्सरला, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाला, सांगितलं, सलग अक्षरं दिसली की शब्द समज. त्याला 'तूर' दिली. त्यानं 'त' घेतला आणि तिथंच बसला. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीच्या, लेखी उकार-वेलांट्या अक्षरांत मोडतच नाहीत, त्यांची जात वेगळी. त्यांना आत घेतलं तर पऱ्हाटी (कपाशी) आडवी आली. त्यातला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाईप होतो: एक नुक्ता असलेल्या 'र'चा, दुसरा साध्या 'र'ला हलन्त देऊन मागे न दिसणारं जोडचिन्ह लावलेला. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत मात्र दोन वेगळे शब्द. न भांडता, न तलाठ्याकडे जाता आमच्या चार एकर पऱ्हाटीचे हिस्से झाले.

तेही निस्तरलं. मग आला बाजाराचा दिवस. संगणकानं मंगळवारचे 3000 काढले. दोन्ही गडी दारात उभे.

"गडी 300 नं कोण येते बे?" बाबा म्हणाले. "बायाईचे 300, गड्याचे 500. चौतीसशे झाले."

"पण बाबा, 500 कुठं लिहिलंय?"

"थे काय लिवा लागते? अख्ख्या गावाले मालूम हाय."

अख्ख्या गावाला माहीत असलेलं पार्सरला, म्हणजे ओळीचा अर्थ लावणाऱ्या भागाला, कसं सांगायचं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. शेवटचा आकडा नेमका कोणाला चिकटतो, हे दुखणं तसं जुनं. प्रोग्रॅममधला 'एल्स' (नाहीतर) नक्की कोणत्या 'इफ'चा (जर), यावर अल्गॉल 60 या जुन्या भाषेपासून डोकेफोड झाली आहे. पण तिथं दारात गडी उभे नव्हते. मी नियम केला: प्रत्येकाचा दर वेगळा, दराआधी दोन टिंबं.

बाबा टिंबं विसरायचे. एका ओळीत विसरले की पार्सर भांबावून खालच्या सगळ्या ओळींवर ओरडायचा. 'ओळ 14: अनपेक्षित शब्द: गडी.'

"अनपेक्षित कायचा? म्याच बलावला त्याले!"

टिंबं काढूनच टाकावीत असं ठरवलं, तोवर काकाजी आणि शेजारचे एक कास्तकार तीच भाषा लिहायला लागले होते. 'मेक' हे प्रोग्रॅम बांधून देणारं साधन 1976 साली स्टुअर्ट फेल्डमननं बनवलं. त्यातली आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू करायची खोड त्याला लवकरच खुपली, पण तोवर डझनभर लोक ते वापरत होते, म्हणून त्यानं ती राहू दिली. जग अजून ती टॅब दाबतंय. माझे तर तीनच, पण त्यातले दोन घरचे.

मग टिंबं विसरली की तिथंच दिसावं म्हणून लँग्वेज सर्व्हर लिहिला. 2016 पासून ही सोय आहे: भाषेची अक्कल एकाच जागी ठेवायची, एडिटर (लिहायचा प्रोग्रॅम) कोणताही असो. 'नि' लिहिलं की 'निंदण' सुचवायचं, चुकलं की खाली लाल नागमोडी रेघ. बाबा पहिल्या दिवशी दचकले. "माह्या मनातलं याले कसं समजते?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुढची अक्षरं लिहिणंच सोडलं.

परवा दिवसभर लाईन नव्हती. रात्री कंदिलाशी बसून बाबा आणि काकाजींनी जुन्याच वहीत हिशोब लिहिला. सकाळी उघडून पाहिली. 'निंदण, 8 बाया: 300, 2 गडी: 500.' टिंबं जागच्या जागी. खालची ओळ काकाजींच्या अक्षरात होती, टिंबांविना. तिच्याखाली बाबांनी लाल पेनानं नागमोडी रेघ मारून ठेवली होती.