आधी शिक्का, मग बॅग

युरोपातल्या कुठल्याही मोठ्या विमानतळावर, चेक-इनच्या रांगेपासून जरा बाजूला, खांबाच्या आडोशाला एक सुटकेस जमिनीवर उघडी पडलेली दिसते. वर थर्मलचे कपडे, त्याखाली चिवड्याचा डबा (जाताना चिवडा, येताना मोजे), त्याखाली हॉटेलातून जमवलेले साबण, आणि तळाशी, कोपरापर्यंत हात घातल्यावर लागणारी नवी कोरी पर्स. "एवढी खाली कशाला ठेवलीस?" "मग काय वर ठेवू, चोरीला जायला?" हा संवाद कानावर पडला की समजावं, कुटुंब आपलं आहे आणि त्यांना व्हॅट, म्हणजे खरेदीच्या किमतीत मिसळलेला तिथला कर, परत हवा आहे.

तत्त्व सोपं आहे. वस्तू जिथे वापरली जाणार तिथल्या सरकारने कर घ्यावा. पर्स पॅरिसमध्ये घेतली आणि मिरवली दादरच्या हळदीकुंकवात, तर फ्रान्सला त्यातलं काही नको. म्हणूनच हॉटेलचं भाडं, जेवणाचं बिल, आयफेल टॉवरचं तिकीट यांवरचा कर परत मिळत नाही; ते सगळं तुम्ही तिथेच उपभोगून मोकळे झालात. प्रवाशाच्या सामानातून देशाबाहेर जाणाऱ्या वस्तूंपुरताच हा मामला. चॉकलेटं घेतलीत आणि बसमध्येच वाटलीत, तर पुण्य मिळेल, व्हॅट नाही.

हा कर परत मिळण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी एकाच जागी हजर लागतात: खरेदी करणारा माणूस, त्याचा पासपोर्ट, ती वस्तू आणि दुकानाने दिलेला फॉर्म. आणि कौटुंबिक सहलीची रचनाच मुळी या चौघांची ताटातूट व्हावी अशी असते. पासपोर्ट यजमानांच्या पोटाला बांधलेल्या पाऊचमध्ये, फॉर्म वहिनींच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, वस्तू भावोजींच्या बॅगेत (कारण त्यांचीच बॅग तेवीस किलोच्या आत होती), आणि ती बॅग पट्ट्यावरून केव्हाच आत गेलेली.

पण सुरुवात विमानतळावर नाही, दुकानात होते. बिल करण्याआधीच सांगायचं की टॅक्स फ्री हवंय, आणि पासपोर्ट पुढे करायचा. मोबाइलमधला फोटो काही दुकानं चालवून घेतात, बरीच घेत नाहीत. शिवाय एका दुकानातली खरेदी ठरावीक रकमेवर जावी लागते आणि प्रत्येक देशाचा आकडा वेगळा. फ्रान्समध्ये १०० युरोंच्या वर, जर्मनीत ५० युरोंच्या वर. इटलीत तो बराच काळ जवळपास १५५ युरो होता, फेब्रुवारी २०२४ पासून ७० वर आला. स्पेनने २०१८ पासून किमान रकमेची अटच काढून टाकली, त्यामुळे तिथे वीस युरोंच्या टोपीवरही फॉर्म मागता येतो. मागावा का, हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे. फ्रान्समध्ये एकाच दुकानातली तीन दिवसांपर्यंतची बिलं एकत्र धरता येतात. मात्र नणंदेचे साठ आणि भावजयीचे पन्नास अशी बेरीज करून ११० होत नाहीत. एक फॉर्म, एक पासपोर्ट. 'सगळं माझ्याच नावावर टाका' असं म्हणणाऱ्या काकूंना पुढे विमानतळावर सगळ्यांच्या वस्तू स्वतःच्या सामानात दाखवाव्या लागतात, हे तेव्हा कुणी सांगत नाही.

फॉर्म हातात आला की काउंटरवरून हलायच्या आत तो वाचावा. पासपोर्ट नंबरातला आकडा उलटसुलट होणं नेहमीचं. आपल्याकडच्या काही पासपोर्टांत आडनावाचा रकाना कोरा असतो, तिथे तर विक्रेती मुलगी गोंधळून गावाचंही नाव आडनाव म्हणून टाकू शकते. देश भारत लिहिलाय ना, हेही बघायचं, कारण सगळा हक्क 'युरोपीय संघाबाहेरचा रहिवासी' या एका ओळीवर उभा आहे. पासपोर्ट कुठला यापेक्षा राहता कुठे हे महत्त्वाचं. म्युनिकला नोकरी करणारा मुलगा भारतीय पासपोर्ट दाखवून व्हॅट मागू शकत नाही; त्याला भेटायला पुण्याहून आलेली आई मागू शकते. पण मग तिच्या नावावर घेतलेला मिक्सर आईबरोबर पुण्याला गेला पाहिजे. म्युनिकच्या ओट्यावर राहिला तर तो परतावा नव्हे, लबाडी.

आता टक्क्यांचं. 'वीस टक्के परत' हे वाक्य दुकानात फार मोठ्याने म्हटलं जातं. फ्रान्सचा व्हॅट २०% आहे हे खरं, पण तो मूळ किमतीवर. १२० युरोंच्या वस्तूत २० युरो कर, म्हणजे तुम्ही दिलेल्या पैशांच्या सोळा-सतरा टक्केच. त्यातूनही परतावा देणारी मधली कंपनी आपली फी कापते आणि हातात साधारण बारा टक्क्यांच्या आसपास पडतात. लहान बिलांवर त्याहूनही कमी. दोन मांजरींच्या भांडणात लोण्याचे गोळे समसमान करून देणाऱ्या माकडाने पुढे युरोपात शाखा काढली असावी, असं वाटण्याजोगा हा हिशेब आहे. तरीही सहाशे युरोंच्या पर्सवर सत्तरेक युरो म्हणजे काही थोडे नव्हेत. पर्स घेणाऱ्यांना सत्तर, आणि पर्सचे पैसे भरणाऱ्यांना तेवढंच सांत्वन.

खरी मेख आहे ती सहलीच्या मार्गात. नियम असा की फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का घ्यायचा तो युरोपीय संघातून शेवटचं बाहेर पडताना. पॅरिसला खरेदी, मग इटली, आणि रोमहून परत, असं असेल तर फ्रान्सचा फॉर्म रोमच्या विमानतळावर कस्टम्सला दाखवायचा. पॅरिसहून फ्रँकफुर्टमार्गे मुंबई असेल, तर मोठ्या बॅगेतल्या वस्तूंचं काम बॅग जिथे थेट मुंबईसाठी सुपूर्द करता त्या पॅरिसला, आणि हातातल्या बॅगेतल्यांचं फ्रँकफुर्टला. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे जात असाल तर पॅरिस हेच शेवटचं ठाणं. पुढे कितीही विमानं बदला, तिथे कुणी ओळख दाखवत नाही.

आणि मग मध्ये येतं स्वित्झर्लंड. ते शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, आहे पण युरोपीय संघात नाही, आणि या दोहोंतला फरक युंगफ्राउच्या बर्फात कुणाच्याही लक्षात राहत नाही. सीमेवर पासपोर्ट कुणी विचारत नाही, बस सरळ पुढे जाते, म्हणून लोकांना वाटतं देश बदललाच नाही. कस्टम्सच्या दृष्टीने मात्र तो ठणठणीत बदललेला असतो. सहल झुरिकला संपत असेल तर पॅरिसच्या पर्सचा शिक्का फ्रान्स सोडतानाच, रस्त्यावरच्या नाक्यावर, फ्रेंच कस्टम्सकडून घ्यायला हवा. झुरिकच्या विमानतळावरचा स्विस अधिकारी फ्रान्सच्या फॉर्मवर शिक्का मारू शकत नाही.

उलट दिशेनेही तेच. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळ घेतलं (किमान ३०० फ्रँक, कर ८.१%, म्हणजे हजार फ्रँकच्या घड्याळात सुमारे ७५ फ्रँक) आणि बस इटलीच्या सीमेवरच्या किआसोवरून मिलानकडे निघाली, तर शिक्का किआसोलाच. रोमला पोचून स्विस फॉर्म पुढे करणं म्हणजे पुण्याच्या पावतीवर नागपूरला भांडण्यासारखं नाही, त्याहून वाईट. तिथे निदान राज्य एक आहे. आता पंचेचाळीस जणांची बस नाक्यावर थांबवायची, आणि तुम्ही दोघांनी घड्याळाचा डबा घेऊन उतरायचं, हे करायला टूर मॅनेजरशी आदल्या रात्रीच बोलून ठेवावं लागतं. बसचालकाच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले असतात, त्यामुळे 'दहा मिनिटं फक्त' या वाक्याला त्याच्याकडे काही किंमत नाही. माझं मत विचाराल तर अशा सहलीत महागाची खरेदी शेवटच्या देशात करावी. पण हे मत खरेदीला निघालेल्या माणसाला सांगून उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही.

विमानतळावर क्रम महत्त्वाचा. फ्रान्समध्ये बॅग देण्याआधी 'पाब्लो' नावाच्या यंत्राकडे जायचं. दिसायला एटीएमचा चुलतभाऊ. फॉर्मवरचा बारकोड त्याच्या डोळ्यासमोर धरला की हिरवा पडदा आला तर काम फत्ते, शिक्काही नको. लाल आला तर शेजारच्या कस्टम्सच्या खिडकीवर वस्तू, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास घेऊन. लाल म्हणजे आरोप नव्हे, तपासणी. हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच समजावून सांगावं, नाहीतर ते खिडकीवर जाऊन न विचारलेल्या गोष्टींचीही कबुली देतात. पाब्लो फक्त फ्रान्सचेच फॉर्म वाचतो. इटली-जर्मनीचे फॉर्म त्याच्यासमोर कितीही प्रेमाने फिरवले तरी तो ढिम्म राहतो, त्यांच्यासाठी खिडकीच.

जर्मनीत तऱ्हा निराळी. आधी चेक-इन करायचं, बॅगेला चिठ्ठी लावून घ्यायची, पण 'टॅक्स रिफंड आहे' असं सांगून बॅग परत मागायची, ती ढकलत कस्टम्सकडे न्यायची, शिक्का घ्यायचा आणि तिथेच पट्ट्यावर सोडायची. सांगायला विसरलात तर बॅग मुंबईच्या वाटेला आणि तुम्ही रिकाम्या हाताने खिडकीपुढे. 'वस्तू बॅगेत आहे, बॅग विमानात आहे' हे सत्य असलं तरी पुरावा नाही.

सगळं हातातल्या बॅगेतच ठेवू, हा शहाणपणा अत्तरापाशी संपतो. १०० मिलिलिटरच्या वरची बाटली अजूनही बऱ्याच विमानतळांवर सुरक्षा तपासणीत अडकते, म्हणजे ती मोठ्या बॅगेत जाणार, म्हणजे तिचं काम बॅग देण्याआधीच उरकायला हवं. आणि नवे बूट पायात घालून 'हेच ते' म्हणू नये. वापरलेली वस्तू दिसली तर अधिकारी नकार देऊ शकतो. मुदत खरेदीच्या महिन्यानंतर तिसरा महिना संपेपर्यंत असते, तेव्हा तिची घाई नाही. घाई असते ती त्या दिवशीच्या रांगेची. नेहमीपेक्षा दीड तास तरी आधी पोचावं, कारण संध्याकाळच्या आशियाई विमानांचे सगळे प्रवासी याच खिडकीवर येतात आणि प्रत्येकाकडे एक उघडी सुटकेस असते.

शिक्क्यानंतर पैसे. शिक्का सरकारचा, पैसे कंपनीचे. दोन खिडक्या, दोन रांगा. रोख हवी असेल तर बहुधा वेगळी फी कापतात, आणि युरोऐवजी रुपये देऊ का, असं कुणी गोड आवाजात विचारलं तर तो दर ऐकून मगच हो म्हणावं. कार्डावर घेतलं तर पैसे काही आठवड्यांनी येतात, पण जास्त येतात. कागदी शिक्क्याचा फॉर्म असेल तर पाकिटात घालून पेटीत टाकण्याआधी त्याचा फोटो काढावा. शहरातच आगाऊ रोख देणारी केंद्रंही असतात. तिथे हमीपोटी कार्डाचा नंबर घेतात, आणि ठरलेल्या मुदतीत शिक्क्याचा फॉर्म पोचला नाही तर दिलेले पैसे त्याच कार्डावरून परत ओढून घेतात. त्या पैशांतून आणखी एक पर्स घेतलेली असेल तर तो प्रश्न घरगुती.

लंडनला यातलं काहीच नाही. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून ही सवलत बंद केली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती परत आणण्याची घोषणा झाली आणि महिना पुरा व्हायच्या आत रद्दही झाली. फक्त दुकानाने माल थेट परदेशी पाठवला तर व्हॅट लागत नाही, पण मग आपल्याकडची ड्यूटी दारात उभी.

सिंगापूरला कर ९%, किमान खरेदी १०० डॉलर, सगळं यंत्रावर. पण रस्त्याने निघून चालत नाही. बसने पलीकडे मलेशियातल्या जोहोरला उतरलात तर जीएसटीला रामराम. दुबईचा हिशेब पारदर्शक आहे, एवढंच त्याचं कौतुक: कर ५%, त्यातले ८५ टक्क्यांच्या आसपास परत, वर प्रत्येक पावतीमागे ४.८० दिरहॅम वजा. १०५० दिरहॅमच्या वस्तूत कर ५०, हाती अडतीसच्या आसपास.

सगळ्यांत सरळ ऑस्ट्रेलिया. एका व्यापाऱ्याकडून निघण्याआधीच्या ६० दिवसांत ३०० डॉलरची खरेदी, बिलं जवळ, वस्तू हातात किंवा अंगावर, आणि बिलाचा अकरावा भाग पुरता परत. मध्ये माकड नाही. मुलीच्या बाळंतपणाला मेलबर्नला गेलेल्या आजींना स्वेटर अंगात घालूनच त्यावरचा कर मागता येतो, हे ऐकून युरोप पाहून आलेली मंडळी हळहळतात. खिडकी मात्र विमान सुटायच्या तीस मिनिटं आधी बंद होते, आणि १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या चेक-इनच्या आधीच बॉर्डर फोर्सला, म्हणजे तिथल्या कस्टम्सला, दाखवाव्या लागतात.

राहता राहिलं मुंबईचं कस्टम्स. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, असं समजून लोक ग्रीन चॅनलकडे वळतात. तिकडचा कर परत मिळाला म्हणून इकडची ड्यूटी माफ होत नाही. मर्यादेवरचा माल रेड चॅनलवरच जाहीर करायचा. आणि घड्याळ जुनंच आहे हो, असं सांगायची सोय तर मुळीच उरत नाही. वस्तूचं नाव, किंमत, खरेदीची तारीख आणि तुमचा पासपोर्ट नंबर, असा सगळा तपशील छापलेला कागद तुम्ही स्वतःच रांगेत उभं राहून, एका परक्या सरकारचा शिक्का मारून घेऊन, नीट घडी करून पासपोर्टात ठेवलेला असतो.