तारे ‘कधीच मेलेत’ म्हणे!

‘रात्री आकाशात दिसणारे बहुतेक तारे कधीच मेलेले आहेत. आपल्याला दिसतो तो फक्त त्यांचा जुना प्रकाश.’ खाली जवळच्या माणसांची वेळीच कदर करण्याचा सल्ला आणि हात जोडलेले. हा मेसेज फिरून फिरून येतोच. सल्ल्याबद्दल तक्रार नाही, पण खगोलशास्त्र साफ चुकलंय.

प्रकाश जुना असतो, इथपर्यंत बरोबर. व्याधाचा ८.६ वर्षांपूर्वी निघालेला, अभिजितचा २५, स्वातीचा ३७, रोहिणीचा ६५ आणि चित्रेचा सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा. पण गावाहून पत्र आठ दिवसांनी आलं म्हणून कोणी सुतक धरत नाही.

बघायचं ते इतकंच, की प्रकाशाच्या प्रवासापुढे ताऱ्याचं आयुष्य केवढं. सूर्यासारखा तारा सुमारे १,००० कोटी वर्षं जगतो. सूर्यापेक्षा कितीतरी पट जड तारे उधळे असतात, इंधन भसाभस जाळतात. तरी त्यांतल्या सर्वांत अल्पायुषींनाही तीसेक लाख वर्षं मिळतात. आता मेसेजवाल्याला हवी तेवढी सूट देऊ. नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणारे तारे सगळ्या आकाशात मिळून सुमारे ९,०००. समजा, ते सगळेच असे अल्पायुषी आहेत आणि सगळेच १,००० प्रकाशवर्षांवर आहेत, म्हणजे प्रकाशाला इथवर यायला हजार वर्षं लागतात. तरी त्यांचा प्रकाश वाटेत असताना मेलेले निघतील सरासरी तीन. प्रत्यक्षात बहुतेकांचं आयुष्य याच्या कैक पट मोठं आणि पुष्कळ तारे याहून जवळ. ‘बहुतेक’ राहू द्या, एखादा सापडला तरी नशीब.

दुसरी गोष्ट, तारे असे पटापट मरत असते तर आकाश आपल्या डोळ्यांदेखत रिकामं होत गेलं असतं. कृत्तिका, रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती ही नावं अडीच हजार वर्षांहून जुनी. सगळे आपापल्या जागी आहेत. दुसऱ्या शतकात टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने हजारावर ताऱ्यांची यादी केली, त्यातलाही कोणी स्फोट होऊन गेल्याची नोंद नाही. १०५४, १५७२ आणि १६०४ साली लोकांना जे स्फोट दिसले, ते आधी डोळ्यांना न दिसणाऱ्या ताऱ्यांचे होते. म्हणून तर त्यांना ‘नवा तारा’ म्हटलं गेलं.

मग हमखास आर्द्रेचं नाव पुढे येतं, म्हणजे मृगातला तो तांबूस काक्षी. २०१९ च्या अखेरीस तो मंदावू लागला, फेब्रुवारी २०२० मध्ये तर नेहमीच्या निम्म्याहूनही कमी तेजस्वी झाला, आणि ‘फुटला फुटला’ म्हणून एकच ओरड झाली. निघालं काय, तर त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती, आणि पृष्ठभागाचा एक भाग थोडा थंड झाला होता. काही महिन्यांत स्वारी पूर्ववत. तो फुटणार हे नक्की, पण बहुतेक अभ्यासकांच्या अंदाजाने त्याला अजून लाखभर वर्षं आहेत. त्याचा प्रकाश निघून झालीत जेमतेम पाचशे ते सातशे.

दुर्बिणीतल्या दूरच्या दीर्घिकांबाबत, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांबाबत मात्र मेसेजात तथ्य आहे. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला दिसणाऱ्या काही दीर्घिकांचा प्रकाश १,३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो देणारे निळे, जड तारे केव्हाच संपले. पण गच्चीवरून त्या दिसत नाहीत. तिथून दिसणारी देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर. एवढ्या काळात तिथले थोडे जड तारे गेले असतील, बाकीच्यांच्या खिजगणतीतही हा काळ नाही.

मेलेला तारा बघायचाच असेल तर व्याधाला एक जोडीदार आहे. इंधन संपलेला श्वेत बटू, वजन जवळपास सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. १८६२ साली अल्वन ग्रॅहम क्लार्कला तो नव्या दुर्बिणीची चाचणी घेताना दिसला. चांगली दुर्बीण आणि स्थिर हवा हवी, नाहीतर व्याधाच्या झगमगाटात तो हरवतो. आणि त्याचाही प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वीचाच.