आपल्याच घरात मुंडकार

चवथीची सुट्टी आहे, गणपती पाच दिवसांचा आहे आणि बाहेर पाऊस धरलाय. अशा वेळी स्वस्थ बसणे शोभत नाही. कपाटावरचा जुना पीएस३, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ३ हा गेम खेळायचा खोका, खाली काढा आणि त्यावर लिनक्स ही संगणकाची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम चढवा. घरात धड चालणारा लॅपटॉप आहे म्हणून मागे हटू नका. लॅपटॉपवर काय, कोणीही चढवतो.

यंत्र मात्र पहिल्या खेपेचे, जाडजूड हवे. २००९ मध्ये आलेल्या स्लिमला ही सोय दिलीच नव्हती. फर्मवेअरही, म्हणजे यंत्राचे आतले सॉफ्टवेअर, ३.१५ किंवा त्याहून जुने हवे. म्हणजे वर्षानुवर्षे ज्याने ‘उद्या करू’ म्हणत अपडेट टाळले, असा मालक गाठायचा. आपल्या वाड्यावर अशा माणसांची टंचाई नाही.

आधी डिस्क फॉरमॅट करा. त्यात भाच्याने जपलेले सगळे गेम पुसले जातात. बॅकअप असतो, पण तो भित्र्यांसाठी. मग यंत्र विचारते, १० जीबी कोणाला, गेमला की पाहुण्या लिनक्सला? ज्याला १० मिळाले नाहीत, त्याला उरलेली सगळी डिस्क. वाटणी इतकी सोपी असते हे आपल्या काकालोकांना दाखवण्यासारखे आहे.

लिनक्स उठले की यंत्र तुमचे. म्हणजे, म्हणायला. मध्ये हायपरव्हायजर नावाचा, लिनक्सने यंत्रातले काय वापरायचे ते ठरवणारा थर बसलेला असतो. तो भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि तुमचे लिनक्स मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारे. सेल या पीएस३च्या मुख्य प्रोसेसरच्या आठ मदतनीस कोरपैकी एक कारखान्यातच बंद, एक भाटकाराच्या राखणीला, सहा तुम्हाला. मेमरी २५६ एमबी. ग्राफिक्स चिपच्या थ्रीडी ताकदीला मात्र हात लावायचा नाही. माडाखाली खोप बांध, सावलीत बस, पण नारळ पाडलास तर बघ!

त्यामुळे ब्राउझरवर क्लिक करा आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला नेवऱ्यांच्या कडा मुरडून द्या. घाणा तळून होईतो खिडकी उघडायला लागलेली असेल. बाबा दारात उभे राहून विचारतील, “हे कशाला रे?” तेव्हा सांगा की अमेरिकेच्या हवाई दलाने २०१० मध्ये असे १,७६० पीएस३ जोडून महासंगणक उभा केला. “आणि तू?” असे ते विचारणारच. त्यांना देवस्थानच्या वर्गणीची यादी त्यावर टाइप करून दाखवा. पंखा असा घोंघावेल की पुढचा प्रश्न ऐकूच येणार नाही.

आता पथ्य. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने ३.२१ हे अपडेट आणले आणि सुरक्षेचे कारण देत ही सोय काढून घेतली. तारीख खरीच ती, थट्टा नव्हती. अपडेट केले तर लिनक्स गेले, न केले तर ऑनलाइन खेळ गेला. मुंडकाराला हुसकावू नये म्हणून गोव्यात १९७५ चा कायदा आहे खरा, पण तो घराला लागतो, टीव्हीखालच्या खोक्याला नाही.

तेव्हा भाच्याला बजावून ठेवा, “अपडेट विचारले तर नाही म्हण.” तो मान डोलावेल. संध्याकाळी मित्राकडून एक नवीन गेम आणेल. डिस्क आत गेल्या गेल्या अपडेट मागेल. तुम्ही त्या वेळी डोळे मिटून, आरतीत टाळ वाजवत असाल.