किती एकर?

"किती एकर?" पंचवटीतल्या खतांच्या दुकानात विचारलं, आणि मी खरं सांगून बसलो. "दोन चौरस फूट."

मला हवं होतं 13:0:45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. मत्स्यालयवाले तेच पाण्यात कालवून अत्तराच्या भावानं विकतात.

मागे निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार उभे होते. "बाग कोणती भाऊ? थॉमसन?"

"रोटाला मॅक्रान्ड्रा."

"बाहेरची व्हरायटी?"

"नाही, आपल्याच पश्चिम घाटातली."

"माल कुठं जातो?"

"माल नसतो. काचेच्या टाकीत, पाण्याखाली, नुसती लाल दिसते."

कुणाच्या घरचं आजारपण कळल्यासारखे ते गप्प झाले. मग हळूच, "छाटणी?"

"दर दोन-तीन आठवड्यांनी."

"आम्ही वर्षात दोनदा करतो! एप्रिल आणि ऑक्टोबर."

आता माघार कशी घेणार? दहा-बारा सेंटिमीटरचा शेंडा कापायचा, खालची पानं काढायची, चिमट्यानं एकेक काडी दोन बोटं खोल खोचायची. मेथीच्या जुडीसारखी लावली की आत उजेड पोचत नाही, बुडाची पानं काळी पडून सडतात. "आणि मुळं धरलेला बुडखा?" "फेकायचा. त्याचे फुटवे किडकिडीत येतात." अख्खं दुकान माझ्याकडे वळलं. दिवे लागायच्या तासाभर आधी टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडतो, लिटरला साधारण 30 मिलिग्रॅम, हे सांगितल्यावर तर "हवा विकत घेता?" एवढंच आलं. टाकीतला रंग बदलणारा दर्शक निळा म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे बेताचा, पिवळा झाला की मासे वर येऊन तोंडं उघडतात, हे मी गिळलं.

दुकानदारानं लोहासाठी ईडीडीएचए नावाचं लाल लोहखत पुढे केलं; चुनखडीच्या जमिनीला उत्तम. टाकीत टाकलं तर पाण्याचं कोकम सरबत! डीटीपीए हा लोहाचा दुसरा प्रकार मागितला, तर "द्राक्षाला हेच चालतं." अहो, पण द्राक्ष आहे कुठे? असो. मे महिन्यात पाणी तिशीपार गेलं की त्यात वायू कमी विरघळतो, ही बया पारदर्शक होऊन विरघळते, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. त्यावर कुठल्याही दुकानात औषध नाही.

राहिलं 13:0:45. साठ लिटरला एक ग्रॅम टाकलं की नायट्रेट 10 पीपीएमनं, म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅमनं वाढतं. आठवड्याला तेवढंच लागतं. म्हणजे किलोचं पाकीट 19 वर्षं. "सुटं मिळेल?" "नाही."

बिल घरी येऊन वाचलं. पीक: लाल माठ.