हीटर टिकला, कॉफी मशीन का नाही? दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की आमच्याकडचाच ऑइल हीटर नाशिकच्या घरी कित्येक हिवाळे ठणठणीत चालतोय आणि एस्प्रेसो मशीन मात्र दोन वर्षांत बसलं, म्हणजे आम्ही दिखाऊ माल गळ्यात मारतो. दोन स्टार राहू देत, पण ही तुलना वाचून बाकीचेही तसंच समजतील म्हणून लिहितोय.

अहो, ऑइल हीटरमध्ये बिघडायला आहेच काय? तेल आत सीलबंद, ते ना जळतं ना बदलावं लागतं, एक एलिमेंट, एक थर्मोस्टॅट, झालं. दोन महिने लागतो, बाकी वर्षभर माळ्यावर. तरी 2000 वॅटचा हीटर जवळजवळ 9 अँपिअर खेचतो, साध्या एक्स्टेंशनवर लावला असता तर प्लग आधी वितळला असता, तुम्ही 16 अँपिअरच्या सॉकेटवर लावलात हे मात्र बेस्ट केलंत.

मशीनमधून रोज पाणी जातं, सगळा फरक तिथे आहे. नव्वद डिग्रीच्या वर तापलेलं पाणी, 9 बारच्या आसपास प्रेशर, पंप थरथरतोय, ग्रुपची, म्हणजे कॉफीचं हँडल जिथे बसतं त्या भागाची, रबरी गॅस्केट भाजतेय. ती कडक होणारच, कडेनं गळायला लागलं की बदलायची, त्याला मी बिघाड म्हणतच नाही.

पण तुमचं मशीन गॅस्केटमुळे बंद पडलेलं नाही. थर्मोब्लॉक, म्हणजे पाणी तापवणारा धातूचा ठोकळा, आतून क्षाराने चोंदलाय, फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाय. इथलं मुंबई पालिकेचं तानसा-भातसाचं पाणी तसं मऊ असतं हो, म्हणजे क्षार कमी, पण तुमच्या सोसायटीत टँकर येतो हे तुम्हीच काउंटरवर सांगितलंत, आणि टँकर म्हणजे बहुतेक वेळा बोअरचं पाणी. ते तापलं की त्यातलं कॅल्शियम बाहेर पडून चिकटतं, गिझरच्या एलिमेंटवर पांढरा थर बसतो ना तोच, फक्त गिझरची टाकी मोठी म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही आणि इथे वाट बॉलपेनच्या रिफिलएवढी. मशीनवरचा डिस्केलिंगचा, म्हणजे क्षार काढायची आठवण देणारा, दिवा त्यासाठीच पेटतो. क्षारामुळे झालेला बिघाड कंपनी वॉरंटीतही धरत नाही, हे बिलाबरोबरच्या कागदावर आहे.

आणि आता घाबरून नुसतं आरओचं पाणी घालू नका, काही बॉयलरवाल्या मशीनमध्ये लेव्हल कळायलाच पाण्यात थोडे क्षार लागतात. नळाचं मिसळून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 150 च्या आसपास ठेवा.

जास्त टिकणारी मशीन असतात, नाही असं नाही. फाएमा या इटालियन कंपनीने 1961 मध्ये आणलेल्या ई61 ग्रुपचे पार्ट आजही मिळतात, पण त्या टाइपच्या मशीनची किंमत ऐकून तुम्ही छोटं घेतलंत, आणि घरी दोन कपांसाठी मीही तेच घेतलं असतं.

मशीन आमच्याकडेच आहे. आधी डिस्केल करून पंप प्रेशर देतोय का बघतो, दिलं तर गॅस्केट आणि मजुरी एवढंच बिल, नाही दिलं तर पंपाचा भाव फोनवर सांगू, तुमच्या होकाराशिवाय काही बदलणार नाही. न्यायला याल तेव्हा सोमवार सोडून या, दुकान बंद असतं.